सात सुपं

आईच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पेरावर फिरायला लागला, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या. कारखान्याचं काम सुटून दोनेक वर्षं झाली होती, तरी ती कॉटवर टीव्ही बघत बसली की मांडीवर पडलेला हात आपोआप वळायला लागायचा. अंगठा पुढं, बोट मागं, पुन्हा अंगठा पुढं. पान नाही, तंबाखू नाही, आणि विडी चालूच. माझा धाकटा भाऊ शेवगावहून दिवाळीला आला की विचारायचा, "आई, आज किती झाल्या?" ती हात पदराखाली घेऊन म्हणायची, "लई झाल्या. तुला पायजेत का?"

हात कामाला लागला की ते फिरणं थांबायचं. आमच्या दृष्टीनं हाच पक्का पुरावा. कपबशी उचलली, मेथी निवडायला घेतली, की हात शहाण्यासारखा गप्प. रिकामा बसला की सुरू. तिच्याबरोबर जन्म काढलेल्या गल्लीतल्या बायकांना तर त्याचं कौतुक वाटायचं. हाताला काम नाही म्हणून त्याला करमत नाही, असं त्या म्हणायच्या आणि मलाही ते पटायचं. जन्मभर कष्ट केलेल्या बाईचा हात असाच असणार, असं मी चारचौघांत अभिमानानं सांगितलेलं आहे. अशी दोन वर्षं गेली.

मी नागापूरच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करते. लग्न करून गेले होते, वर्षाच्या आत परत आले, आणि तेव्हापासून आई आणि मी दोघीच नगरच्या त्याच जुन्या गल्लीत राहतो. आता पाट्यांवर शहराचं नाव बदललंय, पण आमच्या तोंडातलं नगर काही जात नाही. तर आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा आरोग्य शिबिर होतं. घरच्यांनाही आणा म्हणाले होते, म्हणून मी आईला बीपी तपासायला घेऊन गेले. तिथला तरुण डॉक्टर बीपीच्या मशीनकडे बघायचं सोडून तिच्या मांडीवरच्या हाताकडे बघत बसला.

"हे कधीपासून आहे?" त्यानं विचारलं.

"चाळीस वर्षांपासून," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. "विडी कामगार आहे ती."

त्यानं आईला चालून दाखवायला सांगितलं. ती चालली, आणि मला पहिल्यांदा दिसलं की तिचा डावा हात पुढं-मागं होतो आणि उजवा अंगाला चिकटून राहतो. मग त्यानं सही करायला सांगितली. कारखान्याच्या कार्डासाठी ती सही शिकली होती, मोठी, ठसठशीत. त्या दिवशी पहिलं अक्षर मोठं आलं आणि पुढची बारीक बारीक होत मुंगीएवढी झाली. "मावशी, हा विडीचा हात नाही," तो म्हणाला. "कंपवात वाटतोय. पार्किन्सन म्हणतात त्याला. मोठ्या डॉक्टरांना दाखवा." मला त्याचा एवढा राग आला की मी आभारसुद्धा न मानता आईला रिक्षात घातलं. रिक्षात आई म्हणाली, "पोरगं हुशार हाय." मला मात्र घरी येईपर्यंत रडू आवरत नव्हतं. जो हात रोज डोळ्यांसमोर होता, त्याचं दुखणं मी दोन वर्षं कौतुकानं बघत बसले होते.

आता आमची बाहेरची खोली कशी होती ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं. ती आधी खोली नव्हतीच. तो उघडा ओटा होता, वर पत्रा आणि समोर गल्ली. मी कमवायला लागल्यावर आम्ही त्याला भिंत घालून खोली केली आणि तिथं आईची कॉट टाकली. पण माझ्या लहानपणी सकाळची भांडी झाली की त्या ओट्यावर आई धरून आठ बायका भिंतीला टेकून एका ओळीत बसायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला कापलेली पानं. पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असायची, त्यांचा एक कुबट गोड वास यायचा. वारा आला की आठही जणी सुपावर वाकायच्या, आणि तरी कुणीतरी शिंकायचीच. एक शिंकली की ओळीनं सगळ्या.

नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. आई काष्टीची, म्हणून ती काष्टीवाली. तिच्या उजवीकडे पारनेरवाली बसायची, ती सगळ्यात वेगानं वळायची आणि सगळ्यात कमी बोलायची. डावीकडे खाला. खाला मागच्या गल्लीतली, तिचे मालक टेम्पो चालवायचे, आणि तिला सिनेमाची भयंकर हौस. ती पाहून आलेला एक सिनेमा चार दिवस सांगायची. मारामारी आली की तिचे हातही वेगानं चालायचे, आणि दुःखाचा भाग आला की पूर्ण ओळीचे हात मंदावायचे. आई म्हणायची, "खाला, आज कुनाला मारू नगा, माल पुरा व्हायचाय." दुःखाचे भाग तिनं दुपारी सांगावेत असा ठरावच झाला होता, कारण दुपारी कारखान्यात माल देऊन झालेला असायचा.

मी शाळेतून आले की दप्तर फेकून त्यांच्या पायांपाशी बसायची. विड्यांची तोंडं मुडपायचं काम माझं. बारीक काडीनं कडा आत दाबायची, बस्स, एवढंच. पण पारनेरवाली एकदा म्हणाली होती की या पोरीनं दाबलेलं तोंड उघडत नाही, आणि ते वाक्य मी कितीतरी वर्षं मिरवलं. त्या ओळीत माझ्या वाट्याला सात मावश्या आल्या. वडील मी सातवीत असताना गेले, तेव्हा तेरा दिवस त्या साती जणींनी आईच्या वाटणीची पानं वाटून घेतली आणि तिचं कारखान्यातलं कामाचं कार्ड चालू ठेवलं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली. तेव्हा मला एवढंच दिसायचं की आईच्या मांडीवर सूप नाही आणि तिचे हात रिकामे आहेत.

गोळ्या सुरू झाल्या आणि आई सुधारली. दिवसातून चार वेळा गोळी, घड्याळ लावून. हात थांबला, चेहरा पुन्हा हसायला लागला. पाच-सहा वर्षं चांगली गेली म्हणायची. गोळ्या वाढत गेल्या, पण ती आपलं आपण सगळं करत होती आणि मी निर्धास्तपणे कामाला जात होते.

मग मांजर आलं. म्हणजे आईला दिसायला लागलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी पळालं असं ती म्हणायची आणि वळून बघायची तर काही नाही. आमच्या गल्लीत मांजरांना तोटा नाही, म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण नंतर तिची चाल बदलली. कॉटवरून उठून दाराकडे जाताना ती भिंतीजवळून सरळ जायच्याऐवजी पाय उचलून, नेम धरून टाकायची. एक पाऊल, थोडं तिरकं, मग दुसरं. चिखलातून दगडांवर पाय देत जावं तसं. मला वाटलं, बरं चालतीय. अलीकडे ती उंबऱ्यापाशी अडायला लागली होती, पाय जमिनीला चिकटायचे, ते यामुळं थांबलं होतं.

एका रविवारी मी ती खोली झाडत होते. आई म्हणाली, "तितलं झाडू नगं."

"का?"

"बसल्यात त्या."

"कोण बसल्यात?"

तिनं भिंतीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "आपल्या बाया. पारनेरवाली हाय, खाला हाय. समद्या हायेत. बोलत न्हाईत, नुसत्या वळत्यात."

पारनेरवाली जाऊन आठ वर्षं झाली होती. खालाला तर आम्ही दोघी शेवटचं बघून आलो होतो. मला भीती वाटली की मी चिडते, हा माझा जुना दोष. "इथं कुणी नाही," मी ओरडले. "आई, इथं कुणीसुद्धा नाही, बघ." आणि मी त्या भिंतीच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत जोरजोरात झाडू मारला.

आई "अगं, अगं" करत कॉटवरून खाली उतरली. गुडघ्यांवर बसली आणि मोकळ्या फरशीवरून काहीतरी गोळा करायला लागली. "समद्यांची तंबाखू सांडली," ती म्हणत होती. "आता वजनात कमी भरंल की गं." तिचा थरथरता हात काहीही नसलेली चिमूट उचलत होता आणि काहीही नसलेल्या सुपात टाकत होता. मी तिला धरून उठवायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून उभी राहिले. आयुष्यात मी बऱ्याच जणांना टाकून बोललेय, त्यातलं फारसं आठवत नाही. हे विसरता येत नाही.

त्यानंतर तिनं त्यांच्याबद्दल बोलणं बंद केलं. दिसायच्या मात्र बंद झाल्या नव्हत्या, हे तिच्या चालण्यावरून मला कळत होतं. ती लपवत होती. गल्लीत कुणाच्या कानावर गेलं तर बाहेरचं काहीतरी आहे म्हणतील, अंगारा आणतील, याची तिला धास्ती होती. आणि आता माझीही.

मग एक दिवस वर्कशॉपमध्ये शेजारणीचा फोन आला. आईनं गॅसवर मोठं पातेलं चढवलं होतं. आठ जणींचा चहा. पाणी आटलं, साखर जळली, पातेलं काळं झालं आणि धूर गल्लीत आला. आई बाहेरच्या खोलीत कपबशा मांडत होती. तिला वास आला नाही, या आजारात वास आधीच गेलेला असतो. शेजारीण वेळेवर गेली म्हणून निभावलं. संध्याकाळी भावाचा फोन आला. तो ओरडला वगैरे नाही, तो तसा नाहीच. "ताई, आता तिला एकटं ठेवता येणार नाही," एवढंच म्हणाला. "मी शेवगावला आणतो. इथं आम्ही घरात चार माणसं असतो." त्याचं खताबियाणाचं दुकान आहे, वर दोन मजली घर आहे, भावजय जिवाला जीव देणारी आहे. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हेच अवघड होतं.

आई मात्र फोन ठेवल्यावर म्हणाली, "मी हितून जायची न्हाई." आणि थोड्या वेळानं, "मला हितंच ऱ्हाऊ दे गं." एवढं विनवणीच्या सुरात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

मोठ्या डॉक्टरांकडे मी सगळं सांगितलं, आईच्या देखत. आता लपवून भागणार नव्हतं. डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं आणि मग आईकडे वळून विचारलं, "त्या बायकांची भीती वाटते का, मावशी?"

"भ्यायचं काय? माज्याच बाया हायेत."

"त्या खरंच तिथं असतात असं वाटतं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "न्हाईत, म्हाईत हाय मला. दोगी जनी तर गेल्या. पन दिसत्यात त्याला मी काय करू?"

ते ऐकून मला लाज वाटली. मी झाडू मारून तिला जे पटवायला निघाले होते, ते तिला आधीपासून ठाऊक होतं.

डॉक्टरांनी मग समजावलं. आपण डोळ्यांनी बघतो असं म्हणतो, पण डोळे थोडंच आणून देतात. बाकीचं मेंदू भरून काढतो. बघणारा भाग, लक्ष देणारा भाग, आठवणी सांभाळणारा भाग, यांचं आपसांत सतत बोलणं चालू असतं. या आजारात त्या बोलण्यात खंड पडत जातो, जोडण्या कमजोर होतात. बाहेरून येणारं पुसट होतं आणि आतलं वरचढ ठरतं. गोळ्यांनीही त्यात भर पडते. मेंदूच्या तपासण्यांमध्ये हे आता दिसायला लागलंय, पण सगळं अजून कुणाला कळलेलं नाही, असंही ते म्हणाले. मला एकदम उमगलं. आमच्याकडे याला बॅक फीड म्हणतात. मेन बंद असतो, बाहेरून लाईट नसते, तरी वायरला हात लावला तर झटका बसतो, कारण कुठंतरी इन्व्हर्टर चालू राहिलेला असतो आणि करंट उलटा येतो. मी हे बोलून दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले, "बरोबर समजलात."

आई ऐकत होती. "म्हंजी त्या माज्या डोक्यातनंच येत्यात?" तिनं विचारलं.

"हो, मावशी."

"मंग माज्याच हायेत की," ती म्हणाली, आणि तिच्यापुरता तो प्रश्न मिटला.

माझ्यापुरता मिटला नव्हता. डॉक्टर म्हणाले, दुपारची गोळी कमी करून बघता येईल. बायका कमी दिसतील, पण अंग आखडेल, पाय अडतील. किंवा त्या त्रास देत नसतील तर तसंच राहू द्यायचं, फक्त गॅसचं काहीतरी बघायचं. "दोघी मिळून ठरवा आणि मला कळवा," ते म्हणाले. मी एकटीनंच ठरवलं. घरी आल्यावर डबीतून दुपारची गोळी काढून टाकली आणि डॉक्टरांना फोन करून कळवलं की आईचंही हेच म्हणणं आहे. आईनं दुपारच्या गोळीचं विचारलं तेव्हा सांगितलं, "डॉक्टरांनी बंद केलीय." मला वाटलं, बायका गेल्या की भावाला सांगता येईल, बघ, आता ती बरी आहे, राहू दे तिला इथं. मी तिच्याच इच्छेसाठी तिच्याशी खोटं बोलत होते, असं मी स्वतःला पटवलं होतं.

बायका गेल्या. एकदम नाही गेल्या. आधी दाराकडच्या टोकाच्या दोघी दिसेनाशा झाल्या. मग एका संध्याकाळी आई म्हणाली, "आज खाला आली न्हाई." दोन दिवसांनी पारनेरवालीही आली नाही. कुणी परगावी गेलं की सांगावं तसं ती सांगायची, आणि मी पोळ्या लाटता लाटता "बरं झालं" म्हणायची. पण तिचा चेहरा बघवत नव्हता. खाला गेली तेव्हा ती रडली होती, तसंच पुन्हा रडली. ज्यांना एकदा पोचवून आलो होतो, त्यांना मी दुसऱ्यांदा घरातून बाहेर काढलं होतं. शेवटच्या एकीबद्दल ती काही बोललीच नाही. एक दिवस फक्त म्हणाली, "खोली लई मोठी झाली गं."

आणि ती अडायला लागली. कॉटवरून उठायला पाच मिनिटं. ब्लाउजचं बटण लागेना. रात्री कूस बदलता येईना म्हणून हाक मारायची. सगळ्यात वाईट म्हणजे पाय. खोलीच्या मध्यात उभी राहायची आणि पाऊलच उचलायचं नाही, जणू कुणी फरशीला खिळे ठोकलेत. एकदा तशीच पुढं झुकली आणि पडली. हाड मोडलं नाही, पण कपाळाला टेंगूळ आलं. भावानं व्हिडिओ कॉलवर ते टेंगूळ बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन आला.

मी विरोध केला नाही. माझ्याकडे बोलायला तोंडच उरलं नव्हतं. दिसत होतं तेव्हा ती गॅस पेटवत होती, दिसेनासं झालं तर पडत होती. मी तिची पिशवी भरली. गोळ्यांची डबी, दोन लुगडी, चष्मा. आईनं विरोध केला नाही, ते तर आणखी वाईट. "तुजी नोकरी जाईल न्हाईतर," एवढंच म्हणाली आणि भावाचा हात धरून दाराकडे निघाली.

उंबऱ्यापाशी ती थांबली. पाय चिकटले. भाऊ म्हणाला, "चल आई, हळूहळू." पाऊल नाही. त्यानं हाताला थोडं ओढलं, तशी ती नुसतीच पुढं झुकली. "ओढू नकोस!" मी खेकसले. तो बिचारा हात सोडून मागं सरला. गल्लीतली दोन-तीन माणसं बघायला लागली होती. आईनं खाली फरशीकडे बघितलं, या बाजूला, त्या बाजूला, काहीतरी हरवल्यासारखं.

"सुपं न्हाईत," ती म्हणाली. "आदी दोन सुपांच्या मदी पाय टाकत हुते. आता कुटं टाकू?"

मी ऐकलं आणि मला तिची ती चाल आठवली. नेम धरून टाकलेलं एक एक पाऊल. सूप ओलांडायचं नसतं, म्हणून ती त्यांच्या मधून पाय टाकत चालायची, आणि ते टाकायला जागा दिसत होती म्हणून पाय उचलत होता. ज्या बायकांना मी हाकललं, त्या तिला चालवत होत्या.

माझी कामाची बॅग दाराजवळच होती. तिच्यात पिवळ्या इन्सुलेशन टेपचं बंडल असतंच. ते काढून मी फरशीवर बसले आणि एक पट्टी फाडली. आणि तिथंच थांबले. आई उंबऱ्यात उभी होती, तोंड गल्लीकडे. चार पावलांवर गाडी होती. मागं खोली होती. पट्ट्या चिकटवायच्या कुठल्या बाजूला?

पुढचं व्यवहाराचं आधीच सांगून टाकते. डॉक्टरांपुढं मी खोटं कबूल केलं, आणि त्यांनी दुपारची अर्धी गोळी पुन्हा सुरू केली. गॅसच्या नळीला मी घराबाहेरून बंद करता येईल असा कॉक बसवला. वर्कशॉपच्या मालकांनी आठवड्यातले तीन दिवस वायर कापून, टोकं लावून द्यायचं काम घरी न्यायला परवानगी दिली, उरलेले दिवस शेजारीण येऊन बसते. हे कायम टिकेल असं नाही. आजार पुढं जाणारा आहे आणि मी काही वेडी नाही.

पण तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. हातात पिवळी पट्टी होती आणि माझ्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत मी आईला एकदाही विचारलेलं नाही. गोळीचं नाही, बायकांचं नाही, कशाचंच नाही.

"आई," मी खालूनच म्हटलं, "कुठं जायचंय तुला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. भावाकडे बघितलं. त्याला वाईट वाटेल म्हणून ती जरा वेळ थांबली, हे मला स्पष्ट दिसलं.

"आत," ती म्हणाली.

मी पट्टी आतल्या बाजूला चिकटवली. हातभर अंतरावर दुसरी, मग तिसरी, भिंतीच्या कडेनं कॉटकडे. भावानं दाराबाहेर बूट काढले, आत आला आणि माझ्या मागोमाग बसून प्रत्येक पट्टीची टोकं अंगठ्यानं दाबायला लागला. आम्ही दोघांनी आईचे खांदे धरून तिला हळूहळू वळवलं. तिनं खाली बघितलं आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये पाय उचलून टाकला. मग दुसरा. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

पाच पट्ट्या संपल्या तिथं ती उभी राहिली. कॉट अजून थोडी लांब होती.

"आनिक दोन लाव," ती म्हणाली. "त्या दोगी उशिरा येत्यात."

तिला त्या दिसत होत्या की ती माझी थट्टा करत होती, मी विचारलं नाही. मी सरकून जागा केली आणि आणखी दोन पट्ट्या फाडल्या.